बाईचा डावा कान

बाई गेल्याचा निरोप शेजारणीने मला दोनदा सांगितला. पहिल्यांदा मी तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होते. दुसऱ्यांदा ती खांद्याला हात लावून समोर बसली, तेव्हा कळलं. आरमोरीला, मेंदूत गेलेल्या तापाने, तीन दिवसांत... सव्वा महिना झाला, तरी तो पहिला निरोप मला सोडत नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणानंतर तिचं ऐकू येणं कमी होत गेलं. आमच्या आईचंही असंच झालं होतं. गंमत अशी, की भाऊजींच्या धानगिरणीत, पट्ट्यांच्या धडधडाटात तिला नीट ऐकू यायचं. भाऊजी म्हणायचे, "भांडाचं असलं का मले गिरणीतच नेते!"

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातलं सर्वांत लहान हाड जागीच घट्ट बसलं आहे. उजव्या कानातलं ते हाड काढून त्यांनी बारीकशी दांडी बसवली. पट्टी निघाली तेव्हा बाई स्वतःच्याच बांगड्यांना दचकली. घरी येताच भाऊजींना म्हणाली, "काऊन ओरडता? मी का बहिरी आहो?"

काही महिन्यांनी डॉक्टरांनी डाव्या कानासाठी बोलावलं. मी सोबत होते. बाईने मान हलवली. "उजवा उघडला अन् त्याच्यातली माय गेली जी. डाव्यात आहे अजून. जात्यावर दळून राह्यली. त्याले हात नोका लावू."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा आजाराचाच आवाज, शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचा कमी होतो. आईला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. परतताना बसमध्ये बाई डावा कान तळहाताने झाकून बसली होती... कुणाला तरी ऊब द्यावी तशी.

डॉक्टरांचा कान तपासायचा, ठोकला की वाजणारा चिमटा तिने पाहिला होता: आधी कानासमोर, मग कानामागच्या हाडावर. घरी ती गजराच्या घड्याळाने माझी तशी परीक्षा घ्यायची. "समोरून नाई आलं अन् हाडातून आलं, तर समज. मायचं तुह्या वाट्याले आलं." शेवटच्या भेटीतही तिने घड्याळ माझ्या डाव्या कानाशी धरलं. काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "ऐकू येते."

तिने घड्याळ खाली घेतलं. "मीबी असीच म्हणत होती, वो."

महिन्याने, बाईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भाऊजींनी ते घड्याळ माझ्या हातात दिलं. आठ दिवस ते कपाटात होतं. काल दुपारी किल्ली दिली. डाव्या कानासमोर धरलं... शुकशुकाट. हाडावर टेकवलं, तशी टिकटिक आतून आल्यासारखी जवळ आली. तिच्याखाली, संथ, दगडावर दगड फिरत होता. घड्याळ खाली ठेवलं, तरी तो थांबला नाही.

नागपूरला पत्र टाकलं आहे. उजव्या कानाचं जे असेल ते करून घेईन. डाव्याचं लिहिलेलं नाही. बाई म्हणायची, माय एकटीच दळते. मला दोघींच्या बांगड्या ऐकू येतात.