निजमामा आणि तीन रिकामे पाय

दुपारी दहीभात खाऊन निजमामा मेलकावेरीतल्या आपल्या घरासमोरच्या ओट्यावर आडवे झाले, की पुढून नादस्वर वाजत मिरवणूक गेली तरी त्यांची पापणी हलत नसे. मी कितीदा तरी मोटारसायकलचा हॉर्न दाबून पाहिला. पण आतून मामींनी कॉफी गाळून अगदी हळू "कापी" म्हटलं, की मामा ताडकन उठून बसत. मी चिडलो की म्हणत, "सगळ्या हाका बंद करून निजतों रे. एकच उघडी ठेवतों."

तेच त्यांचं शास्त्र होतं. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला हा माणूस आठ पायांच्या, चिंचोक्याएवढ्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचा, तोही आधी वहीत, पेन्सिलीनं. लोक चिपला काम शिकवतात. मामा आधी तिला निजायला शिकवत. ठोका आला की उठायचं, काम करायचं, पुन्हा निजायचं. "जागं कुणीही ठेवेल. निजवणारा तो खरा," असं ते म्हणायचे. म्हणून आम्ही त्यांना निजमामा म्हणायचो. आमच्यासारखेच तेही तंजावरकडचे राव. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

मी दहावी नापास. सायकल दुरुस्त करता करता स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान उभं केलं. भाव केल्याशिवाय मी देवाचा नारळही घेत नाही. मला प्रोग्राम लिहायला शिकवण्याबद्दल मामांना विड्याच्या पानांची एक जुडी द्यायची ठरली होती. पण पानवालीशी मी चार पानांसाठी भांडू लागलो, की ते शेजारच्या दुकानातल्या बादल्या बघत उभे राहायचे, माझी ओळख नसल्यासारखे.

दारासुरमच्या एका साडीव्यापाऱ्याला मागांवर बसवायला यंत्र हवं होतं. फणीचे चाळीस ठोके झाले की ते टिक करणार, विणकर बुट्टा घालणार. मनात मोजायला नको. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. बटणाएवढ्या सेलवर ते वर्षभर चालायला हवं होतं. नमुन्याचा सेल वीस दिवसांत मेला. व्यापारी म्हणाला, दहा दिवसांत दुरुस्त करा, दिवाळीच्या साड्या मागावर चढायच्या आहेत. नाहीतर सेलम गावचा माणूस यंत्र द्यायला तयारच आहे.

मी धावत मामांकडे गेलो. त्यांनी मीटर जोडला. चिप निजलेली असतानाही वीज खात होती. मी तावातावानं यंत्रावर वाकून, हातवारे करत त्यांना सगळं सांगत होतो. मामांनी एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसले.

"तू लांब बैस. ती बरी निजेल."

माझ्या तापट स्वभावाची टिंगल करायला त्यांना हीच वेळ सापडली, असं वाटून माझं डोकं फिरलं. यंत्र उचलून मी निघालो. नऊ दिवस प्रोग्रामची एकेक ओळ उलटीपालटी केली. दहावा दिवसही गेला. ऑर्डर सेलमला गेली.

अकराव्या दिवशी त्याच व्यापाऱ्याशी फोनवर भांडता भांडता मी टेबलापासून उठून दारापर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं तर मीटरवरचा आकडा उतरलेला. जवळ आलो, चढला. मागे सरलो, उतरला. चिपचे तीन रिकामे पाय मी तसेच अधांतरी सोडले होते. माझा हात जवळ आला तरी त्यांना तो ठोक्यासारखा जाणवत होता आणि बिचारी चिप झोपेतही दचकत होती. प्रोग्राममध्ये त्या तीन पायांना बांधणाऱ्या तीन ओळी लिहिल्या. मग तळहात चिपवर ठेवला तरी आकडा हलेना.

मी भांडायलाच मेलकावेरीला गेलो. म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं, सरळ का नाही सांगितलंत?

"सांगलों की," मामा शांतपणे म्हणाले. "तू बसलास कुठे?"

त्यानंतर वर्षभर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. ऑर्डर गेली ती गेलीच, आणि तो राग मी आजही सोडलेला नाही. माझ्याकडे कुणी अडचण घेऊन आलं की मी फटकन उत्तर सांगून टाकतो. तीच माणसं महिन्याभरात तीच अडचण घेऊन परत येतात, ही गोष्ट वेगळी.

मामांनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मी ते यंत्र खिशात घालून गेलो. त्या तीन ओळींनंतर घातलेला पहिलाच सेल, वर्षभर चाललेला. तो त्यांना दाखवायचा होता; का, ते विचारू नका. मामा डोळे मिटून पडले होते. मी खाटेवर वाकून दोनदा हाक मारली, खांद्याला हात लावला. मामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कापी नव्हती.

"लांब बैस रे," त्या म्हणाल्या. "निजू दे त्यांना."

या वेळी मी दुसऱ्यांदा सांगायची पाळी आणली नाही. यंत्र उशाशी ठेवलं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो, अगदी टोकाला.