अक्का आणि जीपचा तुटलेला बोल्ट

माझ्या थोरल्या नणंदेइतकी हट्टी बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी झालेली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलेलं आहे आणि त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलेलं आहे. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पेठच्या बाजूला, डोंगरातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर ‘सवड झाली नाही’ एवढंच सांगतात, आणि ते सांगतानाही हातातलं काम थांबवत नाहीत. निवृत्त झाल्यावर पंचवटीच्या पुढे आमच्याच कॉलनीत त्यांनी छोटं घर घेतलं. त्या घरात कुठलीही वस्तू मरत नाही. छत्रीच्या मोडक्या काडीला सलाइनच्या नळीचा तुकडा बसवलेला असतो, मिक्सरच्या झाकणाला जखमेवरची चिकटपट्टी असते. माझ्या नवऱ्यानं एकदा बहिणीसाठी हौसेनं नवी छत्री आणली. ‘ठेव, जुनी गेली की काढीन,’ म्हणाल्या. जुनी अजून गेलेली नाही. माणसांनाही हाच नियम. मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांना साधा ताप आला, तर अक्का रोज सकाळी जाऊन त्यांची जीभ बघायला लागल्या. ताप उतरला तरी जीभ बघणं चालूच राहिलं. शेवटी अक्कांच्या फाटकाचा आवाज आला की तलाठी गच्चीवर जाऊन बसू लागले. अक्का खालून विचारायच्या, ‘जिना चढताना दम लागला का?’

पण त्यांचा सगळ्यात जीव कशावर असेल तर तो जीपवर. ही जीप मुळात आरोग्य केंद्राची. सरकारनं ती लिलावात काढली तेव्हा भंगारवाल्यांच्या गर्दीत जाऊन अक्कांनी ती घेतली. आमच्या घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला. जीपला दारं आहेत, पण ती बंद होतात असं म्हणता येणार नाही. पाऊस आला की आतल्या माणसांनी सरकून बसायचं असतं. अक्का ती इतक्या हळू चालवतात की दिंडोरी रोडला भाजीचे टेम्पो मागून हॉर्न वाजवून वाजवून थकतात. वाटेत कुणी चालताना दिसलं की थांबून विचारायचं, कुठे निघालात. ज्याला कुठेच जायचं नसतं तोही भिडेनं बसतो. एकदा पहाटे फिरायला निघालेले माझे सासरे असेच बसले आणि दिंडोरीला जाऊन आले. लेकीला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात ही जीप ट्रॅक्टरसारखी फटफट करायला लागली. इंजिनातून धूर बाहेर नेणारा जो बिडाचा जाड भाग असतो, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, त्याचा एक बोल्ट सैल झाला होता. अक्कांनी स्टेथोस्कोप लावून तो शोधला. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी पाना घेतला आणि गरम इंजिनावरच तो बोल्ट आवळला. मी शेजारी उभी होते. अंगातलं सगळं बळ लावून त्यांनी शेवटचा झटका दिला आणि कटकन आवाज आला. बोल्टचं डोकं हातात, धड इंजिनात. अक्का ते डोकं उजेडात धरून म्हणाल्या, ‘आधीच चीर गेलेली होती.’

एरवी जीप महिनाभर पडून राहिली असती तरी चाललं असतं. पण पेठच्या पुढच्या एका पाड्यावर एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पावसानं रस्ता खचलेला असताना ही मुलगी घाटात, याच जीपच्या मागच्या बाकावर, अक्कांच्या हातात जन्मली होती. पुढे अक्कांनीच तिला शाळेत घातलं, दिवाळीला आमच्याकडे आणलं. ‘माझ्या वेळेला तुम्हीच या,’ असं तिनं म्हटलं होतं आणि अक्कांनी हो म्हटलं होतं. दिवस भरत आले होते. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. अक्का म्हणाल्या, त्या चढावर भाड्याची गाडी येत नाही. मग फटफटत का होईना, जीप तशीच न्यायची त्यांनी ठरवली.

त्यांना थांबवलं ते नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्या मिस्तरींनी. हे मिस्तरी वयानं अक्कांएवढेच आणि स्वभावानं तितकेच चिवट. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘बाई, या धुरात बाळंतीण बसवणार का?’

अक्कांनी जीप तशीच न्यायचा बेत सोडला.

मग त्या बोल्टवर दोघांचे उपचार सुरू झाले. मिस्तरींचं म्हणणं ड्रिल मारून काढू. अक्कांना ड्रिलची धास्ती. ते जरा तिरकं गेलं तर आतले आटे जातील आणि मग सगळं इंजिन खोलावं लागेल. त्यांच्या हट्टापायी बोल्ट रात्रभर तेलात भिजवला. सकाळी मिस्तरींनी हलक्या हातानं ठोकून पाहिला, तो जागचा हलला नाही. अक्का म्हणाल्या, अजून भिजू दे. मिस्तरी म्हणाले, लोणचं घालायचं नाही, गाडी काढायची आहे. दुपारपर्यंत दोघं वाकून त्या एका ठिपक्याकडे बघत होती आणि मी आळीपाळीनं दोघांना चहा पाजत होते. अखेर मधला मार्ग निघाला. बोल्टचा जेवढा तुकडा बाहेर डोकावत होता, त्याच्यावर मिस्तरींनी एक नट ठेवला आणि वेल्डिंग करून तो त्याला जोडला. पहिला नट नुसताच निघून आला, बोल्ट आतच. दुसराही. तिसऱ्याला, लालभडक असतानाच, बाजूनं मेणबत्ती टेकवून त्यांनी मेण आत मुरू दिलं आणि पाना अक्कांच्या हातात दिला.

‘तुम्ही तोडलाय, तुम्हीच काढा. झटका मारू नका.’

अक्कांनी पाना किंचित उलटा फिरवला, पुन्हा किंचित सुलटा केला. कितीतरी वेळ हेच. मग गंजाचा बारीक भुगा गळाला आणि बोल्ट कुरकुरत वळायला लागला. तो बाहेर आला तेव्हा अक्कांनी पदरानं डोळे पुसले. धूर गेला डोळ्यांत, म्हणाल्या. मिस्तरींनी नवा बोल्ट बसवला आणि अक्कांनी दुसऱ्या दिवशी उजाडताच जीप काढली. मीही बरोबर गेले.

पाड्यावर पोचलो तर घरात फक्त मुलीची आजी. ती म्हणाली, ‘लय उशीर झाला, बाई. काल सांजच्यालाच कळा सुरू झाल्या. फोन केला, अॅम्ब्युलन्स आली दारात. आता सडक झालीय ना. पेठलाच बाळंत झाली. पोरगी हाय.’ म्हणजे आम्ही त्या दवाखान्यावरूनच पुढे आलो होतो. अक्कांनी आजीच्या हातचं पाणी घेतलं आणि जीप वळवली.

दवाखान्यात ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अक्कांना पाहून तिला रडू फुटलं. ‘मी तुमची वाट बघत होते, पण हीच थांबली नाही,’ म्हणाली. अक्कांनी बाळ उचललं. बोटं पाहिली, नाळ पाहिली, टाळूवरून हात फिरवला. सगळं ठीक होतं, कुणालाही दिसत होतं. तेवढ्यात एक तरुण नर्स आली आणि म्हणाली, ‘आजी, भेटायची वेळ संपली. बाळाला असं सारखं उचलू नका. बाहेर बसा.’

आता या नर्सचं काही खरं नाही, असं मला वाटलं. त्या तालुक्यातली निम्मी माणसं अक्कांच्या हातावर जन्मलेली. पण अक्कांनी बाळ आईच्या कुशीत ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि मुकाट बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बराच वेळ त्या दारातून त्या नर्सची ये-जा बघत होत्या. नंतर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘हात धुऊन आत जाते प्रत्येक वेळेला. चांगली आहे.’

परत निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आजवर त्यांनी त्या स्टेअरिंगला कुणाला हात लावू दिला नव्हता. कोटंबीचा घाट उतरेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. खाली सपाटीला आल्यावर पाहिलं, तर मान एका बाजूला कलंडून त्यांना गाढ झोप लागली होती. मागून एक टेम्पो सारखा हॉर्न वाजवत होता. मी गाडी बाजूला घेतली, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि तशीच हळू हळू घरी आणली.