वळण अकरावरचे पायोनियर

मी १९५८ साली पुण्यात भरती झालो. मला इन्फन्ट्री हवी होती, पण छाती एक इंच कमी भरली. भरतीच्या हवालदाराने मला बाजूच्या रांगेत उभं केलं. तिथे माझ्यापुढे गणपत ढेबे होता. मुळशी धरणाच्या वर डोंगरात त्याचा धनगरवाडा, माझं गाव पौडच्या अलीकडे. तालुका एक, पण ओळख त्या रांगेत झाली.

"ही कंची रांग हाय?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "पर जेवान ह्या रांगंलाबी हाय."

ती पायोनियर कंपनीची रांग होती.

लष्कराबाहेरच्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागते. साध्या जवानाला प्रत्येक शाखेत वेगळं नाव असतं. इन्फन्ट्रीत शिपाई, रिसाल्यात सवार, तोफखान्यात गनर, इंजिनियरांत सॅपर. ते नाव माणूस स्वतःच्या नावाआधी लावतो आणि कुणी चुकलं तर दुरुस्त करतो. आमचं नाव पायोनियर. रस्ते फोडायचे, बंकर खणायचे, दारूगोळा पाठीवर वर न्यायचा. रायफल मिळाली होती, पण हातात बहुतेक वेळ टिकाव असे. बाकीच्या पलटणी आम्हाला कुली म्हणत.

एकदा आम्ही दोघं सुट्टीवर येत होतो. पौडच्या मोटारीत भूगावचा एक गनर भेटला. आमची पलटण ऐकून तो म्हणाला, "म्हंजी हमालच की."

 गणपत म्हणाला, "तुझी तोफ डोंगरावर कोन चढवतं रं?"

गनर हसला आणि त्याने गणपतला बिडी दिली. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर आपण सैनिक की मजूर, हे मलाच नीट कळत नव्हतं. गणपतला तो प्रश्न कधी पडलेला मी पाहिला नाही.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर आमची कंपनी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चीनच्या सीमेकडे होती. गणपत तोवर नाईक झाला होता. मी त्याच्याच सेक्शनमध्ये होतो, साधा पायोनियर. आमच्याकडे एका घाटाचा तुकडा होता, वळण नऊ ते वळण चौदा. रस्ता एक गाडी जाईल इतकाच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. दरड रोज पडायची आणि आम्ही रोज ती काढायचो.

नोव्हेंबरातली ती सकाळ. सहा वाजता चहा झाला. सहा चाळीसला वळण अकरावर दरड आली. आमचे सुभेदार साहेब स्वतः आले आणि गणपतला म्हणाले, "रोड खुला रखना. ऊपर गोला-बारूद जाएगा." एवढं सांगून ते खालच्या बाजूला गेले. आम्ही दहा जण होतो, त्यात माझ्या तंबूतले मुरुगन आणि रामदेवही. सव्वानऊला एक गाडी जाईल इतकी वाट झाली.

वर जायला एकही गाडी आली नाही. वरूनच गाड्या खाली येऊ लागल्या. आधी रिकामे ट्रक, मग माणसांनी भरलेले ट्रक, मग पायी माणसं. तीन वेगवेगळ्या पलटणींचे बिल्ले मी मोजले. काहींकडे रायफल नव्हती. वर काय झालं, असं आम्ही विचारलं. एक म्हणाला पोस्ट गेली. दुसरा म्हणाला पोस्ट आहे, आम्हाला फक्त जागा बदलायची आहे. तिसरा थांबलाच नाही.

वळणावर फील्ड टेलिफोन होता. दहा वाजता गणपतने फोन फिरवला.

"हॅलो, वळण ग्यारह. हमारे लिए क्या हुकम?"

"कोई नया हुकम नहीं. इंतजार करो."

"साब, सब नीचे आ रहे हैं."

"इंतजार करो."

पुन्हा फिरवला तेव्हा लाईन मेलेली होती.

साडेदहाच्या सुमारास इन्फन्ट्रीचे एक कॅप्टन चालत आले. डोक्यावर टोपी नव्हती, डावा हात गळ्यात बांधलेला. ते थांबले.

"तुम लोग कौन?"

गणपत सावधान झाला. "पायोनियर नाईक गणपत ढेबे, साब."

"कुली लोग पीछे जाओ. यहाँ काम खतम."

"साब, हम पायोनियर हैं. सुभेदार साब का हुकम है, रोड खुला रखना."

"कहाँ हैं तुम्हारे सुभेदार साब?"

गणपतने खालच्या बाजूला हात केला. कॅप्टनसाहेबांनी मोकळ्या केलेल्या वाटेकडे पाहिलं आणि ते खाली गेले. त्यांनी हुकूम दिला होता की नुसतं सांगितलं होतं, यावर आम्ही आपसात बोललो. ठरलं काहीच नाही. तेवढ्यात पुन्हा माती सरकली आणि आम्ही फावडी उचलली.

सव्वाअकराला एक मेजर जीपमधून आले. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी सांगितलं, "मेरे पीछे तीन एम्ब्युलन्स हैं. जब तक निकल न जाएँ, रोड बंद नहीं होना चाहिए."

"जी साब. तीन," गणपत म्हणाला.

आता निदान एक आकडा तरी मिळाला होता. बरं वाटलं.

पहिली एम्ब्युलन्स अकरा चाळीसला आली, दुसरी तिच्या मागोमाग. दोन्ही गाड्यांच्या पायऱ्यांवरही जखमी बसलेले. तिसरी आली नाही.

साडेबाराला दरीपलीकडून फैरी ऐकू येऊ लागल्या. आपल्या की त्यांच्या, ते कळेना. आवाज डोंगरावर आपटून दोन्हीकडून येत होता. बारा चाळीसला मोठी दरड आली. एक धोंडा पायोनियर भिकूच्या मांडीवर पडला. आम्ही पहारी लावून तो बाजूला केला. भिकूचं हाड बाहेर दिसत होतं.

गणपतने दोन काठ्या आणि एक घोंगडी घेऊन स्ट्रेचर करायला लावलं; तोवर बाकीचे माती काढत होते. मग मला बाजूला घेतलं.

"तू भिकूला घिऊन खाली जा. पाच मान्सं ने. पाळीपाळीनं उचला."

"आन् तू?"

"मुरुगन आन् रामदेव ऱ्हात्यात म्हनत्यात. तिघांत वाट व्हईल."

"गनपा, सगळी पलटन गेली. आपल्याला कोन इचारनार हाय?"

"आजून एक गाडी ऱ्हायलीया."

"आन् न्हाईच आली तर?"

"मेजरसाब तीन बोलला न्हवं? तिसरी आली की तिच्यातच बसून येतो आमी."

मी उभाच राहिलो. तेव्हा तो मराठी सोडून हिंदीत बोलला, परेडवर बोलायचा तसा. "पायोनियर, हुकम है. जाओ."

आम्ही निघालो. खालच्या वळणावरून मागे पाहिलं तेव्हा मुरुगन पहार मारत होता आणि रामदेव माती दरीत लोटत होता. गणपत पाठमोरा होता. वाट पुन्हा एका गाडीपुरती होत आली होती.

खाली पोचायला आम्हाला अंधार पडला. भिकू वाचला. पाय गेला. तिसरी एम्ब्युलन्स आमच्या मागून आली नाही. ते तिघंही आले नाहीत.

नंतर कॅम्पात मला पहिल्या एम्ब्युलन्सचा ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, "हम तो दो ही थे." त्याच्याजवळ बसलेला नर्सिंग हवालदार म्हणाला, "नहीं, तीन थे." दोघं त्यावरून भांडले. मी ते ऐकत उभा राहिलो. मेजरसाहेबांचं नाव मला माहीत नव्हतं. वळण अकराला परत जायला आम्हाला कधी मिळालं नाही. तिघांच्या घरी आधी बेपत्ता म्हणून तार गेली, पुढे कागद आला की मृत समजावे.

सुट्टीवर मी गणपतच्या धनगरवाड्यावर गेलो नाही. दोनदा निघालो आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परतलो. तिथे काय सांगायचं, ते ठरत नव्हतं.

पुढे तीन-चार वर्षांनी आमच्या भागातल्या शाळेच्या गुरुजींनी लष्करात गेलेल्या आणि पडलेल्या माणसांच्या नावांचा लाकडी फळा करायचं ठरवलं. मला बोलावलं. मी तेव्हा लान्स नाईक होतो. शाळेत पंधरा-वीस माणसं जमली होती. गुरुजींनी यादी वाचली. दोन शिपाई, एक सॅपर. मग वाचलं, "गणपत ढेबे, लष्करी मजूर."

"गुरुजी, मजूर न्हाई," मी म्हणालो. "पायोनियर नाईक."

"कागदावर पायोनियर आहे खरं. पण लोकांना कळणार कसं?"

"न्हाई कळलं तर इचारतील. मी सांगीन."

गुरुजींनी शब्द खोडला आणि नवा लिहिला. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा उठला. अंगावर घोंगडी, हातात काठी. तो गणपतचा बाप होता, हे मला तो बोलल्यावरच कळलं.

"तू हुतास व्हय त्याच्यासंगं?"

"व्हय, बाबा."

"मंग सांग."

मी उभा राहून सगळं सांगितलं. वेळेसकट.  त्याने एकच विचारलं, "ती तिसरी गाडी आली का?"

हो म्हणणं सोपं होतं. कितीतरी वेळा मला तेच सांगावंसं वाटलं होतं.

"ठावं न्हाई, बाबा. मला आजूनबी ठावं न्हाई. गाडी हुती का न्हवती, ह्येबी ठावं न्हाई."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आन् रस्ता?"

"मी निगालो तवा येक गाडी जाईल येवढा उघडा व्हत आला हुता."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "त्याच्यासंगं दोगं हुते म्हनलास. त्यांची नावं?"

"मुरुगन. रामदेव."

"लिवा, गुरुजी."

गुरुजी अडखळले. "बाबा, ते आपल्या तालुक्याचे नाहीत."

"ते मागं ऱ्हायलं त्याच्यासंगं. लिवा."

फळा शाळेत लागला. मी हवालदार होऊन पेन्शनीवर आलो तेव्हा पाहिला, आजही जातो तेव्हा पाहतो. तीन नावं एकाखाली एक आहेत. पायोनियर नाईक गणपत ढेबे. पायोनियर मुरुगन. पायोनियर रामदेव. पहिल्या नावापुढे गाव लिहिलं आहे. खालच्या दोघांच्या पुढे जागा मोकळी आहे. ते कोणत्या गावचे, हे मी चार वर्षं एका तंबूत राहूनही विचारलं नव्हतं.