न शेकलेली हलगी

दगडोबाची हलगी वाजली की कयाधूच्या पल्याडचे गुराखी मान वर करत. मी जत्राखेत्रांत पुष्कळ हलग्या ऐकल्या, पण तसा नाद दुसऱ्या गावाजवळ नव्हता, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. मातंग घराण्यातला माणूस. दवंडीचं काम आजा-पणज्यापासून त्यांच्याकडं. निजामाचा अंमल होता. कळमनुरीच्या तहसिलीतून हुकूम आला की पटवारी तो वाचून दाखवी, दगडोबा मनात धरी, आणि आधी गावात, मग शिवारातल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन सांगे. त्याला अक्षर येत नव्हतं, तरी हुकुमातला शब्द गळत नसे.

दवंडीआधी तो चिपाडांचा जाळ करायचा. हलगीचं कातडं जाळावर धरायचं, टिचकी मारून बघायचं, पुन्हा धरायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत कातडं सैल पडतं. तसंच वाजवलं तर नुसतं थपथप करतं, आवाज चार घरांपलीकडं जात नाही.

अडतीस सालच्या श्रावणात संतराम पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं. तहसिलीचा जाहीरनामा आला होता. गावचं गायरान पडीक ठरवून पाटलांच्या मेहुण्याला लागवडीसाठी द्यायचं होतं. कोणाची हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांत कळमनुरीच्या कचेरीत यावं, असं त्यात होतं. त्या गायरानावर गावाची थोडी गुरं चरत. तांड्याची सगळीच चरत. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारी ती माणसं आता गाईंवर आणि थोड्याशा शेतीवर जगत होती.

"दगड्या, दवंडी दे," पाटील म्हणाले. "पर हलगी शेकू नको."

दगडोबाला ती थट्टा वाटली. "मालक, मग ती वाजंल कशी?"

"वाजाया कोण सांगून राहिलं? चावडीपुढं दोन काड्या मार, बस. तांड्यावर जायाची तकलीफ करू नको. लई चिखल हाय."

"तांड्याचीच तर गुरं हायती तिथं, मालक."

पाटलांनी पानाचा देठ खुडला. "तुझी झोपडी कोणाच्या जागंत हाय रे?"

दगडोबानं गार हलगीवर दोन काड्या मारल्या, तोंडातल्या तोंडात हुकूम म्हटला. चावडीपुढं एक म्हातारी आणि दोन शेळ्या होत्या. मग पटवाऱ्यानं कागदाच्या पाठीवर लिहिलं, की गावात आणि तांड्यावर दवंडी दिली, आणि खाली दगडोबाचा अंगठा घेतला.

सोळाव्या दिवशी गायरानाला काट्यांचं कुंपण पडलं. तांड्याच्या गाई नेहमीच्या वाटेनं आल्या, त्या कोंडवाड्यात गेल्या. तांड्याचा नाईक वसराम चावडीवर भांडायला आला, तर पटवाऱ्यानं कागद दाखवला. दवंडी झालेली, अंगठा उठलेला. वसराम दगडोबाकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन उन्हाळ्यांत तांड्याची खिल्लारं वसमतच्या बाजारात गेली. अर्धा तांडा उठून कुठं कुठं पांगला. वसराम हाय खाऊन गेला. त्याची बायको जिवनबाई मात्र तिथंच राहिली.

पुढं दगडोबा प्रत्येक दवंडी तांड्यावर नेऊ लागला. हरवलेल्या म्हशीची असो की पटकीच्या सुईची, हलगी कडक शेकून न्यायचा. एकदा जिवनबाई दारातून म्हणाली, "सुई टोचायची दवंडी बराबर येऊन राहिली. गायरानाचीच तेवढी वाट चुकली, व्हय?" दगडोबानं मान खाली घातली आणि सुईचा हुकूम पुरा सांगितला.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. थंडीत नवे तहसीलदार गावात आले. जुन्या अमलात जमिनीबाबत अन्याय झाला असेल तर अर्ज द्या, अशी दवंडी दगडोबानंच दिली. जिवनबाईनं अर्ज दिला. सुनावणी चावडीपुढं लागली.

आदल्या संध्याकाळी मनकर्णा, दगडोबाची बायको, म्हणाली, "बोललात तर झोपडी जाईल."

"व्हय."

"अन् न्हाई बोललात तर?"

तो हलगी पुसत बसला. तिनं भांडी पोत्यात भरून ठेवली.

सुनावणीत जुना कागद निघाला. दगडोबा उठला आणि सगळं बोलला. पाटलांचं नाव घेऊन बोलला.

साहेब तरुण होते, दुष्ट नव्हते. त्यांनी विचारलं, "हा अंगठा तुझा?"

"माझाच, साहेब."

"म्हणजे सरकारी कागदावर तू खोटा अंगठा दिलास."

"दिला."

"पाटलांनी सांगितलं, याला साक्ष कोण?"

पटवारी चार वर्षांमागं वारला होता. दवंडीवेळची ती म्हातारीही गेली होती. पाटील मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, मी तांड्यावर जा म्हणलो. ह्यो चिखलाला भ्याला. अन् दहा वर्षांनी आता शानपना करून राहिला."

चावडीवर हसू फुटलं. लिहिणारा लिहीत होता.

दगडोबाला दवंडीच्या कामावरून त्याच दिवशी काढलं. त्याच आठवड्यात झोपडी पडली. तो आणि मनकर्णा कळमनुरीच्या सडकेवर खडी फोडायला गेले.

निकाल मागाहून लागला आणि कचेरीच्या भिंतीवर चिकटला. दगडोबा दर बाजाराला तिथं जाऊन कारकुनाला विचारायचा. एक बाजार तापानं चुकला. पुढच्या बाजारी कारकुनानं वाचून दाखवलं. दवंडीवाल्याच्या कसुरीमुळं तांड्याला खबर मिळाली नाही, हे मान्य; पण गायरानाचा पट्टा कायदेशीर झाला आहे, तो कायम. नाराज असेल त्यानं तीस दिवसांत परभणीला अपील करावं.

"कितवा दिस हाय?" दगडोबानं विचारलं.

"तेरावा."

"तांड्याला कोणी सांगितलं?"

"दवंडी द्यायची होती. पण तुमच्या गावाला सध्या दवंडीवाला नाही."

दगडोबानं त्याच्याकडून निकाल पुन्हा वाचून घेतला, मग तिसऱ्यांदा. पाठ झाल्यावर तो बारा कोस चालत दुसऱ्या दिवशी तांड्यावर पोचला. जिवनबाई गोवऱ्या रचत होती. त्यानं वाटेत उभं राहून, शब्द न गाळता, सगळा निकाल सांगितला. स्वतःची कसूर होती तो भागही.

जिवनबाईनं हात पुसले. मग म्हणाली, "परभणीला साक्ष देशील?"

"देईन."

"तिथंबी हसतील तुला."

"हसू दे," दगडोबा म्हणाला. "सोळा दिस उरलेत, बाई. उद्या निघावं लागंल."