रिकाम्या कोनाड्याचं मुखपृष्ठ

पुसदच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर छाप मारणारा उकंडा १९६२ साली पहिल्यांदाच एका पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला बसला, तेव्हा त्याला जेवण सुचेना. छापखान्याचे मालक बबनराव यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. जमलं नाही तर कपाटातला कमळाचा तयार ठसा चढणार होता.

पुस्तक त्याच्याच गल्लीतल्या कौसल्याबाई मास्तरणीचं. त्यात एक आई आहे. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव बाहेर गेले, पण सांज झाली की तिचा हात सवयीनं रिकाम्या कोनाड्याकडे जातो. शेवटी तिथं ती लेकीची पुस्तकं ठेवते.

"बाई, माणूस काढायचाच नाही," उकंडा गोष्ट ऐकताच म्हणाला होता. "नुसता कोनाडा. आतून काळाकुट्ट."

छापखान्यातच बसून सागाच्या फळीत त्यानं कोनाडा नीट खोदला. शाई फिरवली, कागद दाबला, उचलला. भिंत काळी आली होती आणि कोनाडा पांढराशुभ्र.

गाठींवर छाप मारायच्या पत्र्यात जेवढं कापावं तेवढ्यातूनच शाई उतरते. हात त्यालाच सरावलेला. लाकडी ठशात खोदलेलं कोरं राहतं, हे तो उत्साहात विसरला. दुसरी फळी नव्हती.

"लेका, फळीले पत्रा समजला काय?" बबनराव टेबलापाशी बसूनच म्हणाले. "कमळ काढू?"

"थांबा," मुखपृष्ठ पाहायला आलेल्या कौसल्याबाईंनी कागद उजेडात धरला. "उकंडाभाऊ, म्या अंधार लिहिलाच नाही. शेवटी तिथं पुस्तकं येतेत. हे असंच पाह्यजे."

उकंडा उजळला आणि लगेच अडला. "पण बाई, हे तं खिडकीवानी दिसून राह्यलं. लोक म्हणतीन, उजेड येऊन राह्यला."

बाईंनी कागद पुन्हा निरखला. खिडकीच दिसत होती.

उकंडानं डोळे मिटून आपल्याच घरची भिंत आठवली. मग टोच्या उचलला. कोनाड्याच्या वर, काळ्या भागात, त्यानं वेडीवाकडी भोकं पाडली. एकाभोवतीचा थोडा टवका उडवला, खिळा उपटताना गिलावा उडतो तसा. पुन्हा शाई, पुन्हा कागद.

बबनरावांनी गोष्ट वाचली नव्हती. ओला कागद त्यानं त्यांच्याच पुढ्यात धरला. "सांगा, काय हाय?"

बबनरावांनी चष्मा पुसला. कागद जरा दूर नेला.

"देवाचा कोनाडा," ते म्हणाले. "देव गेले. वरचे फोटोही उतरवले, खिळे उपटले." मग त्यांनी विचारलं, "कोनाचं घर हाय हे?"

कौसल्याबाई हसल्या. उकंडा ठसा घेऊन यंत्राकडे निघालाही होता.

"अरे, पुस्तकाचं नाव तं जुळवू दे आधी," बबनराव त्याच्यामागं ओरडले आणि अक्षरांचा खण ओढायला उठले.