पतियाळ्याची माहिती

गावाकडून कोणी पाहुणे चंडीगडला आले की मी त्यांना एका दिवसात पतियाळा दाखवून आणतो. गाडी दर वेळी त्याच सरदारजींची. झिरकपूरच्या कोंडीत सगळे हॉर्नवर हात ठेवून बसतात, हे मात्र कधीच वाजवत नाहीत. पाहुणे मागे डुलक्या घेत असतात तेव्हा मला किल्ल्याच्या, शीशमहालाच्या गोष्टी हळू आवाजात सांगत राहतात. स्वतः आत येत नाहीत, दाराशी शेंगदाणे सोलत बसतात. आणि आत मी त्याच गोष्टी पाहुण्यांना ऐकवतो, जणू माझ्याच वाचनातल्या. गेली बारा वर्षं हे चाललं आहे.

परवा साताऱ्याच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, केवढा अभ्यास तुमचा!" नेमके तेव्हाच सरदारजी गाडीत राहिलेली पाण्याची बाटली घेऊन मागे उभे होते. इतक्या वर्षांत त्यांना मराठी चांगलं कळू लागलंय. मला घाम फुटला. ते हसून म्हणाले, "साबजी तो बहुत पढ़ते हैं जी."

परतताना त्यांनी हळूच आठवण करून दिली, "साबजी, झूलेवाले पुल की बात आज रह गई."

मला राहवेना. मागे वळून म्हणालो, "वहिनी, माझा कसला अभ्यास! बारा वर्षं यांचंच ऐकून सांगतोय. राहिलेलं आता यांनाच सांगू दे."

"अहो, मग आधी नाही का बोलायचं!" वहिनी पुढे सरकल्या. "सांगा हो सरदारजी."

रस्ता पार मोकळा होता. सरदारजींनी दोनदा हॉर्न वाजवला आणि मग सुरुवात केली.