बटाट्याच्या तोफेसाठी पाइप

आमच्या घरी खेळणी कमी, पत्रकं फार. वडील चळवळीतले. पाणी, हुंडा, रोजगार हमी, कशावरही पत्रक निघायचं आणि वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही दोघी बहिणी अभ्यास करायचो. त्यामुळे भांडताना मला शब्द शोधावे लागत नसत. जाफराबादच्या बाजारात पाइप घ्यायला निघताना ताईनं म्हणूनच बजावलं होतं, "तू बोलायचं न्हाई."

ताईला बटाटा उडवणारी तोफ करायची होती. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात तिनं चित्र पाहिलं होतं. प्लॅस्टिकचा लांब पाइप, त्याच्या मागच्या भागात भरलेली हवा, तोंडात घट्ट बसवलेला बटाटा. बी.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलच्या तासाला उपकरणांना हात लावायचा मुलांनी आणि आकडे उतरवायचे मुलींनी, अशी वाटणी असे. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधी एक तरी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातानं करायची, एवढंच तिला हवं होतं.

दुकानदारानं विचारलं, "मोटार किती एचपीची?"

"मोटार न्हाई," ताई म्हणाली.

"मंग पाइप कामून?"

"बटाटा उडवायला."

त्यानं आमच्या मागं पाहिलं. "संगं गडीमाणूस कुणी न्हाई का?"

मग मात्र मी बोललेच. पत्रकाची दोन पानं भरतील एवढं बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "झालं का, बाई? आता ऐक. पाइप वीस फुटीच मिळंल. तुकडा देत न्हाई. तुझ्या भाषणानं पाइप कापला जात न्हाई."

गावाबाहेर नळयोजनेचे पाइप कधीचे पडून होते. शेजारीण म्हणाली, "त्यातला घ्या की एखादा. कोण विचारून राह्यलंय?"

"आम्ही विचारतोय," मी म्हणाले. त्या पडून राहिलेल्या पाइपांवरच वडिलांनी पत्रक काढलं होतं. ताईनं तर तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी आम्ही वडीगोद्रीला मामांकडे गेलो. मामांची मोसंबीची बाग होती आणि पाइपलाइन टाकून उरलेले तुकडे गोठ्यामागं रचलेले होते. ताई तिथं बराच वेळ उकिडवी बसली. उन्हात पडून पांढरे पडलेले तुकडे तिनं बाजूला टाकले. ते दाबले की तडकत होते. सावलीतले, जाड काठाचे दोन तुकडे तिनं निवडले. लांबी पुरायला दोन्ही जोडावे लागणार होते. तेवढ्यात मामींनी चहाला हाक मारली.

आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा जोड झालेला होता.

आमच्याकडे शेतात दोन पाइपांमध्ये बसवायची तयार जोडणी विकत आणायची रीत नाही. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यावर पाइपाचं तोंड गोल फिरवत मऊ करायचं, दुसरा पाइप आत दाबायचा, वरून ओलं फडकं गुंडाळायचं. मामांनी तेच केलं होतं, आणि फार सफाईनं. "थेंब गळला तर मिशी काढीन," असं म्हणत त्यांनी तो पाइप पाहुण्याला पानसुपारी द्यावी तसा पुढं केला.

ताईनं जोडावरून अंगठा फिरवला. माझ्या तोंडात एक आख्खं पत्रक तयार होतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते गिळलं.

"मामा, जोड बराबर झालाय," ती म्हणाली, "पण पाण्याचा झालाय. तापवून ताणला की इथं पातळ होतो. हवा भरली की इथूनच फुटंल."

"आजवर असंच जोडून राह्यलो मी."

"पाण्यासाठी," ताई म्हणाली. मग आवाज खाली आला. "आन् मामा, हे मला करायचं होतं."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला वाटलं, लग्नाची पोर, हातबित भाजंल."

"भाजू द्या की!" दारातून मामी म्हणाल्या. "भाजल्या हाताला हळद लागत न्हाई का?"

ताईनं आरी मागितली. "मामा, दुसरं टोक धरा. नुसतं धरा." मामांनी धरलं. जोडाच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापून तिनं ते सुरेख काम वेगळं केलं. ती कापत होती तोवर त्यांची नजर आरीवरून हलली नाही. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. ताईलाही दिसत होतं. तरी तिचा हात थांबला नाही.

मग ते तिला रस्त्यावरच्या दुकानात घेऊन गेले. जाड जोडणी, हवा अडवून एकदम सोडायला कॉक आणि पाइप चिकटवायचं सोल्यूशन हवं होतं. दुकानदारानं सवयीनं मामांनाच विचारलं, "किती इंची?"

"मला काय विचारतो?" मामा म्हणाले. "तिला विचार."

सोल्यूशन वाळायला तिनं रात्रभर ठेवलं. सकाळी आम्ही कालव्यावर गेलो. ताईनं सायकलच्या पंपानं हवा भरली, सगळ्यांना बाभळीच्या आड उभं केलं आणि कॉकच्या दांडीला बांधलेली दोरी लांबून ओढली. फुस्स आवाज झाला. बटाटा कालव्यात पडला आणि पाण्याबरोबर निघून गेला.

"सांगू का?" मामा म्हणाले.

"नका सांगू."

मामा गप्प बसले. एवढं गप्प बसायला त्यांना केवढे कष्ट पडत होते! आम्ही मोसंबी सोलत राहिलो आणि ताई कॉक खोलत, पुन्हा बसवत, बटाटे तासून पाहत राहिली. ऊन कलल्यावर तिनं पुन्हा दोरी ओढली. या वेळी आवाज छातीत बसला. बटाटा कालव्यावरून गेला आणि पलीकडच्या धसकटांत पडला.

मामा पुलावरून वळसा घालून पळत सुटले. पलीकडून बटाटा वर धरून ओरडले, "सापडला गं माय! बिलकुल फुटला न्हाई!"

"बाजूला सरका, मामा," ताई पंप मारता मारता ओरडली, "दुसरा येऊन राह्यलाय!"